रेवतीच्या आईची सूचना

घाटावरच्या विद्यापीठात मंजुश्रीला फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं, पण मुलींच्या वसतिगृहात तिचं नाव रोज निघायचं. कोणी जिन्यावरून धावत सुटली, कोणी ओल्या हातानं गीझरचं बटण दाबायला गेली, की मागून हमखास आवाज यायचा, "रेवतीच्या आईची सूचना! हळू!" मग सगळ्या हसायच्या. रेवतीसुद्धा हसायची. ही गंमत तिनंच आईला फोनवर सांगितली होती आणि मंजुश्रीही हसली होती. फोन ठेवला, आणि लगेच पुन्हा लावला.

"पण गीझरचं बटण खरंच कोरड्या हातानं दाबत जा हं."

मंजुश्री मलकापूरला एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. बी.कॉम. झालेली, अक्षर टपोरं, कामात चोख. माहेर संग्रामपूरकडचं. लहानपणी अंगणात झोपताना सगळी भावंडं आकाशाकडं तोंड करून झोपायची. ही एकटी सातपुड्याकडं तोंड करून, काही उतरून येतं का ते बघत. मोठी झाली तशी भीतीही तिच्याबरोबर मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली. गॅस बंद केल्यावर ती स्वयंपाकघरातून दोनदा परत यायची. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघितल्याशिवाय झाकण उघडायची नाही. दूध उकळायच्या आधी हुंगायचं, उकळल्यावर हुंगायचं. नवरा शेखर जिनिंग फॅक्टरीत सुपरवायझर, बोलायला मोकळा. पाहुण्यांत बसला की सांगायचा, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला, अन् हिचं ध्यान मांडवातल्या वायरकडं. भटजी म्हणे नवरदेवाकडं पाहा, ही म्हणे पहिले तो बल्ब सरकवा."

अशा बाईची एकुलती एक मुलगी राजूर घाट चढून वर राहायला गेली, पत्रकारिता शिकायला. घाटाखालच्या माणसाला घाटावरचं गाव म्हणजे काही परदेश नाही, दीड तासाची वाट. मंजुश्रीला मात्र त्या वाटेचं प्रत्येक वळण पाठ होतं, आणि प्रत्येक वळणावर तिनं मनात एकदा तरी एसटी उलटवली होती.

रेवतीच्या विभागातली मुलं मोबाइलवर 'परिसर वार्ता' नावाचं चॅनेल चालवत. विद्यापीठात काय घडलं आणि पुढं काय होणार, एवढंच त्यात असायचं. बहुतेक मजकूर रेवती लिहायची. इतर आया मुलीच्या फोनची वाट बघतात, मंजुश्री वार्तेची वाट बघायची. बातमी आली म्हणजे पोरगी धड आहे. पण त्याच बातम्यांनी तिची झोपही उडायची. निसर्गभ्रमण ज्ञानगंगेच्या जंगलाकडे, असं आलं की तिला अस्वल दिसायचं. एकांकिका स्पर्धा म्हटलं की स्टेजवरच्या उघड्या वायरी. रक्तदान शिबिर म्हटलं की सकाळपासून काही न खाता उभी राहिलेली रेवती. चॅनेलवर वाचणाऱ्याला काही लिहिता येत नसे. बातमीखाली नुसता अंगठा नाही तर एखादा चेहरा टाकायची सोय. मंजुश्री इमानदारीनं अंगठा टाकायची आणि मग फोन करायची.

आश्विनात वार्तेत आलं: "कोजागरीला वसतिगृहात भुलाबाईंची सांगता. प्रत्येकीच्या घरची खिरापत. ओळखल्याशिवाय उघडायची नाही."

हे वाचून मात्र मंजुश्रीला घाबरायला काही सापडलं नाही. उलट तिचे डोळे भरून आले. भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्ती बसल्या की महिनाभर घरोघरी गाणी म्हणत फिरायचं आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची, हे तिनं परकरात असताना केलं होतं. झाकलेला डबा कानाशी धरून हलवायचा. गोड का तिखट, कोरडं का ओलं, विचारत जायचं. सगळ्यांनी 'हरलो' म्हटल्याशिवाय घरच्या पोरीनं झाकण काढायचं नाही, आणि न ओळखलेली खिरापत म्हणजे त्या घराची शान. रेवतीला हा नियम तिनंच शिकवला होता, आणि रेवतीनं तो वसतिगृहात नेला होता.

"आई, आपली खिरापत कोणालेच ओळखू नाई आली पाहिजे," रेवती फोनवर म्हणाली. "मलेसुद्धा सांगू नको. अन् त्या वेळेस फोन नको करू. रेक्टर मॅडम सगळ्यांचे फोन टोपल्यात घालून कुलपात ठेवणार आहेत. मागच्या वर्षी पोरींनी एकमेकींच्या आयांना फोन करून डबे ओळखले."

मंजुश्रीनं खूप विचार केला. पेढे, करंज्या, शेव, कोणीही ओळखेल. शेजारच्या बेबीताईंना पुनवेचा उपास असायचा. त्यांनी नवरात्रातली उरलेली भगर दळून आणली होती, त्यातलं डबाभर पीठ त्यांनी कुंपणावरून दिलं. "भगरीच्या पिठाचे लाडू कर. ओळखून दाखवावं म्हणा पोट्ट्यांनी!"

मंजुश्रीनं पीठ तुपात खमंग भाजलं. भाजायच्या आधी ओलसर, कोंदट असा वास नाकाला जरासा लागला होता. तूप सुटलं तसा तो गेला. लाडू वळले. वळताना बोटाला लागलेलं पीठ तिनं जिभेला लावलं नाही, नळाखाली धुऊन टाकलं. भुलाबाईला दाखवायच्या आधी खिरापत आपण चाखायची नाही, असं तिच्या आईनं तिला बजावलेलं होतं. दूध दोनदा हुंगणारी ही बाई जगातल्या सगळ्या वस्तूंना भ्यायची, फक्त स्वतःच्या हातच्या नैवेद्याला भ्यायची नाही.

लाडू केळीच्या पानात बांधले. डबा हलवला तर खुळखुळू नये म्हणून शेखरनं फॅक्टरीतून स्वच्छ कापूस आणला आणि चारी बाजूंनी गच्च दाबून भरला. "लाव आता कानाले," तो खूश होऊन म्हणाला. "मलकापूरची खिरापत हाये, मुकी!" वरून तिनं सुतळीची दुहेरी गाठ मारली. कोजागरीच्या सकाळी बुलढाणा गाडीचे कंडक्टर उकंडराव यांच्या हाती डबा दिला. विद्यापीठातल्या कितीतरी पोरांचे डबे तेच वर न्यायचे. त्यांच्यासाठी दोन लाडवांचा वेगळा पुडाही दिला, नेहमीसारखा.

संध्याकाळी शाळेतून ती घरी आली तेव्हा बेबीताईंच्या दारात रिक्षा उभी होती. बेबीताईंना दोघांनी धरून आत बसवत होते. एरवी गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलणारी बाई, पण आवाज फुटत नव्हता. हात थरथर कापत होते.

"काय झालं व ताई?"

"मले... गरगर फिरून राह्यलं सारं..."

त्यांची सून पुष्पांजली पिशवी सावरत रिक्षात चढली. "दुपारी भगरीच्या पिठाची भाकर खाल्ली काकू, अन् तासाभरात उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरनं फोनवरच सांगतलं, ते पीठ फेकून द्या, कोणी खाऊ नका."

रिक्षा गेली. मंजुश्री तिथंच उभी राहिली. तिच्या आयुष्यात ज्या ज्या भीती येऊन गेल्या होत्या, त्या सगळ्या बाहेरून आलेल्या होत्या. घाटातून, वायरीतून, जंगलातून. ही पहिलीच तिच्या स्वतःच्या कढईतून निघाली होती.

घरात जाऊन तिनं उरलेल्या पिठाचा डबा उघडला आणि नाक खुपसलं. तोच वास. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कोठीचा.

रेवतीचा फोन बंद. पुन्हा बंद. विद्यापीठाच्या ऑफिसचा फोन वाजत राहिला. ऑफिस सुटलेलं होतं. रेक्टर मॅडमचा नंबर तिच्याकडे नव्हता, कारण तिला जे काही भ्यायचं असायचं ते ती थेट रेवतीलाच कळवायची. तिनं उकंडरावांना फोन लावला.

"डबा कवाच देल्ला बाई, तुमच्या पोरीच्याच हाती," ते म्हणाले. "लय खूश होती."

"तुमचा पुडा? तुमचे लाडू?"

"हे काय, आताच चहा घेतला, पुडा सोडूनच राह्यलो."

"नका खाऊ! उकंडराव, हात जोडते, फेकून द्या ते. कुत्र्यालेसुद्धा टाकू नका!"

"बरं बाई," ते अगदी हळू म्हणाले.

शेखर आला, ऐकलं, आणि हेल्मेट न काढताच पुन्हा वळला. ती मागं बसली. त्याच्या मोबाइलमध्ये विद्यापीठाच्या गेटचा नंबर होता, रेवतीची सायकल वर पोचवताना घेतलेला. मोताळ्याच्या अलीकडं रस्त्यात गाडी थांबवून तिनं तो लावला. चौकीदारानं उचलला.

एरवी साध्या सर्दीची दहा कारणं सांगणारी मंजुश्री. पण आज एकही कारण सुचेना. "रेवती... होस्टेलची रेवती. तिचा डबा उघडू नका म्हणा. तिची आई बोलते. डबा उघडू नका."

"मले गेट सोडता येत नाई बाई, पण होस्टेलवर बाई हाये राखणीले, तिले फोन करून सांगतो," तो म्हणाला, आणि फोन कटला. नंतर तो नंबर एंगेजच येत राहिला.

गाडी निघाली. मंजुश्रीनं वार्ता उघडली. कार्यक्रम सुरू झाला होता. मुलांना आत प्रवेश नव्हता, म्हणून रेवतीच्या वर्गातला ऋत्विक नावाचा मुलगा हॉलच्या खिडकीबाहेर उभा राहून विभागाच्या फोनवरून बातम्या टाकत होता.

"गाणी संपली. डबे ओळखायला सुरुवात."

"चिवडा ओळखला! अनारसे ओळखले!"

"पुढचा डबा रेवतीचा. आवाज नाही, वास नाही. डब्यात आहे तरी काय?"

मग एक बातमी आली. ती मंजुश्रीनं दोनदा वाचली.

"ताजी खबर! रेवतीच्या आईची सूचना थेट गेटवरून: डबा उघडू नका! काकू, ही आयडिया भारी आहे. आता तर उघडायलाच पाहिजे!"

खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली होती. वाढतच चालली होती. मंजुश्रीला काही लिहिता येत नव्हतं. तिनं रडका चेहरा टाकला. तो त्या हसण्याच्या गर्दीत कुठं गेला तेही कळलं नाही.

सगळं तिच्या लक्षात आलं. इतकी वर्षं ती वाघ नसताना वाघ म्हणून ओरडत आली होती, आणि आज त्या पोरींना तिचा आवाज गमतीचा वाटत होता. त्यांचं काय चुकलं?

"शेखर," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "जोरात चालव."

त्यानं मान किंचित वळवली. एवढ्या संसारात हे वाक्य त्यानं तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "मंजू, अशी बोलू नको व," तो म्हणाला. "मले भेव वाटून राह्यलं." आणि त्यानं वेग वाढवला.

घाट लागला. समोरून उतरणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर येत होते. वळणावरून गाडी कलंडायची तशी तीही कलंडत होती, आणि त्या दरीची, त्या ट्रकची तिला आज काहीच भीती वाटत नव्हती. डोळ्यांसमोर फक्त बेबीताईंचे थरथरणारे हात होते, आणि ते हात मध्येच रेवतीचे व्हायचे. रेंज जाण्याच्या आधी वार्तेवर एक शेवटची बातमी आली.

"सगळ्या मुलींनी हात टेकले! हरलो! हरलो! हरलो! आता झाकण..."

पुढं पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं.

गेटवर चौकीदार उठून उभा राहिला. "सांगतलं होतं बाई म्या, खरंच सांगतलं होतं." शेखरनं थेट हॉलसमोर गाडी नेली. ती पुरती थांबायच्या आधीच मंजुश्री उतरून धावत सुटली. आतून आरडाओरडा ऐकू येत होता. तो किंचाळण्याचा आहे की खेळाचा, हे तिला कळेना. पायऱ्या चढून ती दारापर्यंत पोचली.

ज्वारीच्या धाटांच्या मखरात भुलाबाई आणि भुलोजी बसलेले. समोर पोरींचा घोळका. "चीटर! चीटर!" टाळ्यांच्या तालावर चाललं होतं. "हरलो म्हटलं ना आम्ही! नियम तुझाच ना? उघड!" रेक्टर मॅडमही वैतागल्या होत्या, "रेवती, खेळ आहे, किती ताणशील?" आणि मधोमध रेवती मांडी घालून बसलेली, डबा मांडीवर, दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरलेला. चेहरा लाल, डोळे भरलेले. तिची मैत्रीण अपेक्षा डब्याची सुतळी ओढत होती.

"नाही उघडत," रेवती म्हणत होती. "म्हणा चीटर. नाही उघडत."

"खाल्लं का कोणी?" मंजुश्री दारातून म्हणाली. तिला वाटलं आपण ओरडलो. आवाज जेमतेम निघाला होता. टाळ्या मात्र थांबल्या.

"नाही आई. कोणी नाही."

मंजुश्री जाऊन खाली बसली आणि तिनं गाठ चाचपली. दुहेरी गाठ, तिनं मारली तशीच होती. मग तिनं रेवतीचे हात हातात घेतले. ते कापत नव्हते.

"पण काकू, आहे काय त्यात?" अपेक्षानं विचारलं.

"भगरीच्या पिठाचे लाडू."

"भगर कोणी म्हटलंच नाही," मागून कोणीतरी पुटपुटलं. मग मंजुश्रीनं बेबीताईंचं सांगितलं. भाकर, उलट्या, कापणारे हात, रिक्षा. सांगत असताना एकेका पोरीचा चेहरा उतरत गेला. जिनं डबा नुसता कानाशी धरला होता, ती ओढणीनं कान पुसायला लागली. पाणीसुद्धा कोणी पिईना.

"गेटवरून निरोप आल्यावर तुला तरी कसं खरं वाटलं?" मंजुश्रीनं रेवतीला विचारलं.

"मलेही आधी हसूच आलं," रेवती म्हणाली. "मग वाटलं, आई कधी एकच वाक्य सांगते का? कारण नाही, काळजी घे नाही, काहीच नाही. तेव्हा मी घाबरले."

तेवढ्यात पुष्पांजलीचा फोन आला. सलाइन लावलं होतं, उलट्या थांबल्या होत्या. "डोळे उघडले सासूबाईंनी. चहा मागून राह्यल्या. डॉक्टर म्हणते जीव वाचला." मंजुश्रीनं दोन वेळा विचारलं, "नक्की ना?" आणि भुलाबाईसमोर डोकं टेकलं.

चौकीदारानं हॉलमागं खोल खड्डा खणला. कापसासकट, पानासकट लाडू त्यात गेले, वर माती, मातीवर दगड, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. खिडकीबाहेर ऋत्विक मान खाली घालून उभा होता. "काकू, मी ती पोस्ट काढून टाकली. मला वाटलं नेहमीसारखंच..."

"तुझं काही चुकलं नाही रे," ती म्हणाली. "आता नवी टाक. कोणाच्या घरी नवरात्रातली भगर किंवा पीठ उरलं असेल, वास धरला असेल, तर खाऊ नका. घरी फोन करून सांगा. उपासाच्या माणसांना विशेष सांगा."

त्यानं टाइप केलं. अंगठा अडला. "वर नाव काय देऊ?"

"जे देता तेच दे."

ती बातमी गेली. तिच्याखाली हसरा चेहरा एकही आला नाही. टोपलीतले फोन वाटले गेले आणि हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून पोरी घरी फोन लावायला लागल्या. "आई, भगर आहे का घरात? फेक आधी. नाही, आत्ता फेक. फेकली का?" मंजुश्री ऐकत उभी होती.

निघताना सवयीनं ती म्हणाली, "गीझर कोरड्या हातानं लावा ग. अन् रात्री गच्चीवर कठड्याजवळ नका बसू."

"हो काकू," सगळ्या एकदम म्हणाल्या. कोणी हसलं नाही. अपेक्षानंसुद्धा नाही. मंजुश्री जरा थांबली. कोणीतरी मागून ओरडेल, रेवतीच्या आईची सूचना, असं तिला वाटत होतं. त्या सगळ्या तिच्याकडं डोळे मोठे करून बघत होत्या, आणि ती नजर तिनं आरशात पुष्कळदा पाहिलेली होती. तिला वाईट वाटलं. तिनं ते हसणं मागितलं असतं, पण ते कसं मागायचं हे तिला कळेना.

शेखरनं गाडी हळू काढली. चांदणं घाटभर पडलं होतं. पहिल्याच वळणाच्या आधी, रेंज असतानाच, फोन वाजला.

"आई," रेवतीचा आवाज होता, घाईघाईचा, श्वास अडकलेला. "घाट उतरलात का?"

"अग, आत्ताच तर निघालो."

"बाबांना हळू चालवायला सांग. खाली पोचल्यावर फोन कर. अन् आई, मोताळ्याला पोचल्यावरपण कर."

हो म्हटलं तर पोरगी रात्रभर जागी राहील, आणि घाबरू नकोस म्हणायला तिच्याकडं तोंड नव्हतं.

"करते बाळा," ती म्हणाली. "दोन्हीकडून करते."

पुढं वळण आलं आणि रेंज गेली.